अग्निप्रदीपनाच्या फोटोखाली बॉयलरचे तासपण छापा

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

दसरा जवळ आला की तुमच्या सांगली-सातारा पानावर एका मागून एक फोटो यायला लागतात, अमुक कारखान्याचा बॉयलर अग्निप्रदीपन समारंभ, संचालक सपत्नीक पूजेला बसलेले, मागं फेटेवाले, कडेला कार्यकारी संचालक हात जोडून उभे. फोटो छापू नका असं म्हणत नाही, पूजा व्हायलाच पाहिजे, मी स्वतः त्या बॉयलरपुढं नारळ फोडलेत. पण बातमीत गाळपाचं उद्दिष्ट असतं, को-जनचे म्हणजे चिपाडावर केलेल्या विजेचे मेगावॅट असतात, डिस्टिलरी असते, तोडणी-वाहतुकीचे करार किती झाले ते असतं आणि ज्याच्या पोटात आग लावली त्या बॉयलरबद्दल मात्र एक ओळ नसते. हा बॉयलर आजवर किती तास चालला, त्याच्या सुपरहीटरच्या (तयार वाफ आणखी तापवणाऱ्या) नळ्या कुठल्या स्टीलच्या आहेत, त्यातल्या कुठल्या कधी बदलल्या, काही नाही. पुढं जानेवारीत ट्यूब फुटून कारखाना तीन-चार दिवस बंद पडला, गव्हाणीवर गाड्या तुंबल्या की मग बातमी येते "बॉयलर जुना झाल्याने बिघाड". जुना म्हणजे किती जुना आणि कशाने जुना, हे कोणी विचारत नाही म्हणून हे पत्र.

मी वाळवा तालुक्यातला ऊस उत्पादक सभासद, डिप्लोमा करून बरीच वर्षं बॉयलर हाऊसला काढली, आता कुपवाड एमआयडीसीत मटेरियल टेस्टिंगच्या कामात असतो. त्यामुळं थोडं तांत्रिक लिहिणार आहे, जागा जास्त लागली तर माफ करा पण कृपया निम्मं कापू नका.

पहिली गोष्ट अशी की आपल्याकडं लोकांच्या डोक्यात लोखंड म्हणजे लोखंड, ते वितळेपर्यंत त्याला काही होत नाही असंच बसलेलं आहे. लोखंड वितळतं १५३८ डिग्रीला, मग ५०० डिग्रीच्या वाफेने त्याचं काय होणार? तर होतं, आणि ते लगेच दिसत नाही हीच अडचण आहे. धातू तापवून त्याच्यावर कायमचा ताण ठेवला तर तो फार हळू हळू लांबत जातो, त्याला क्रीप म्हणतात. १९१० साली, म्हणजे इकडं किर्लोस्करवाडी वसत होती त्याच साली, इंग्लंडमधे अँड्रेड नावाच्या माणसाने शिशाच्या तारांना वजनं टांगून हे नीट मोजून दाखवलं होतं. शिसंच का, तर ते ३२७ डिग्रीलाच वितळतं म्हणून साध्या खोलीतली हवासुद्धा त्याच्या हिशोबाने गरम असते, जुन्या घरांतले शिशाचे आडवे पाइप मधे झोळ पडून लोंबायचे ते त्यामुळंच. ढोबळ हिशोब असा की वितळण्याच्या तापमानाच्या चार दशांशाच्या पुढं गेलं की क्रीप सुरू, पण ते तापमान केल्विनमधे (सेल्सिअसमधे २७३ मिळवून) धरायचं. लोखंडाचं ते येतं ४५० डिग्री सेल्सिअसच्या आसपास. आता आपले को-जनचे बॉयलर बघा, ६७ किलोचा (दर चौरस सेंटीमीटरला ६७ किलो दाबाचा) असेल तर वाफ ४८५-४९० डिग्री, ८७ किलोचा असेल तर ५१५, ११० किलोचा ५४०. पूर्वीचे २१ किलोचे बॉयलर ३४० डिग्रीला चालायचे, तेव्हा हा प्रश्नच नव्हता! म्हणून जुने फोरमन म्हणतात आमच्या काळात सुपरहीटरला हात लावायला लागत नव्हता, ते खरंय, पण ती माणसं भारी होती म्हणून नव्हे (होती पण), तर वाफच थंड होती म्हणून.

आणि हे वाफेचं तापमान झालं. नळीचा धातू वाफेपेक्षा ३० ते ५० डिग्री जास्त गरम असतो, कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर दिसतं ते वाफेचं.

इथं कोणीतरी म्हणेल की भट्टीत तर बगॅसची म्हणजे चिपाडाची आग हजार डिग्रीच्या आसपास असते, मग खालच्या वॉटरवॉलच्या, म्हणजे भट्टीच्या भिंतीतल्या पाण्याच्या, नळ्या साध्या कार्बन स्टीलच्या असून कशा टिकतात? गुऱ्हाळावर बघितलं असेल, चुलवाणात कितीही जाळ घाला, काहिलीत रस आहे तोवर काहील तापून लाल होत नाही, रस उतरवून रिकामी ठेवली की पत्रा वाकडा. वॉटरवॉलचं तसंच, आत पाणी उकळतंय, ८७ किलोच्या दाबाला पाणी ३०० डिग्रीच्या आसपास उकळतं म्हणून नळी त्याच्या थोडीच वर राहते. सुपरहीटरच्या आत पाणी नाही, वाफ आहे, ती तेवढी उष्णता ओढून घेत नाही. म्हणून एकाच बॉयलरमधे खाली साधं स्टील चालतं आणि वर चालत नाही. इकॉनॉमायझरला (बॉयलरला जाणारं पाणी आधी तापवणाऱ्या भागाला) तर क्रोम-मॉली म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनमचं स्टील घालणं म्हणजे नुसते पैसे घालवणं आहे, तेपण एका ठिकाणी केलेलं बघितलंय.

मग वर काय घालायचं. साधं कार्बन स्टील ४२५ डिग्रीच्या वर जास्त काळ ठेवलं तर त्यातलं कार्बाइड (लोखंड-कार्बनचं संयुग) फुटून कार्बनचं चक्क ग्रॅफाइट व्हायला लागतं, पेन्सिलीतलं असतं ते. लोकांना वाटलं अर्धा टक्का मॉलिब्डेनम घातलं की काम झालं, कारण मॉलीचा अणू मोठा असतो आणि तो लोखंडाच्या जाळीत अडसर घालून क्रीप कमी करतो. पण १९४३ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या स्प्रिंगडेलच्या वीज केंद्रात ५०५ डिग्रीवर चालणारी कार्बन-मॉलीची स्टीमलाइन साडेपाच वर्षांतच वेल्डच्या शेजारी तुटली, आतून बघितलं तर वेल्डच्या कडेने ग्रॅफाइटची माळ लागलेली. तिथून मग जगाने धडा घेतला आणि क्रोमियम घालायला सुरुवात झाली कारण क्रोमियम कार्बनला धरून ठेवतं, सोडत नाही. आज आपल्या कारखान्यांत दिसतं ते टी-११ म्हणजे सव्वा टक्का क्रोम अर्धा टक्का मॉली, टी-२२ म्हणजे सव्वादोन टक्के क्रोम एक टक्का मॉली, आणि जास्त तापमानाच्या शेवटच्या कॉइलला टी-९१, त्यात नऊ टक्के क्रोम, एक टक्का मॉली आणि वर चिमूटभर व्हॅनेडियम आणि नायोबियम. हे टी-९१ अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेत १९७०च्या दशकात तयार झालं, ५४० डिग्रीच्या आसपास त्याला टी-२२ पेक्षा जवळपास दुप्पट ताण देता येतो. त्या चिमूटभर व्हॅनेडियम-नायोबियमचे इतके बारीक कण होतात की धातूच्या आत जे घसरणं चालू असतं ते जागोजागी अडतं.

आता माझा मुद्दा. हे सगळं नवीन नळीचं वर्णन झालं. नळी वीस सिझन चालली की काय होतं? तिचा तुकडा लॅबला आणा, केमिकल काढा, क्रोम सव्वादोनचा सव्वादोनच, मॉली एकचा एकच, रिपोर्ट ओके. पण ते क्रोम-मॉली आता पहिल्या जागी नाहीये. सुरुवातीला कार्बाइडच्या पातळ चकत्या असतात, त्या उष्णतेने हळूहळू गोल गोळे होतात, गोळे एकमेकांत मिसळून मोठे होतात, काही जाऊन धातूच्या स्फटिक-कणांच्या सीमेवर बसतात, आणि जे मॉली लोखंडात विरघळून अडसर घालत होतं तेच कार्बाइडने ओढून घेतलेलं असतं. टी-९१ मधले बारीक कणपण वर्षानुवर्षं गरम राहून जाड होतात, मधली जागा मोकळी होते. म्हणजे मिश्रण तेच, ताकद मात्र गेलेली. शेवटी शेवटी सीमेवर बारीक भोकं पडतात, ती जोडली जाऊन चीर होते आणि मग ती फुटते. म्हणून पीएमआय गन (धातूचं मिश्रण जागेवर ओळखणारं यंत्र) लावून "टी-२२ आहे साहेब" म्हणून सही करणाऱ्याचं काम अर्धंच झालेलं असतं, ती गन नळी कशाची ते सांगते, नळीचं किती आयुष्य संपलं ते सांगत नाही. त्याला रेप्लिका टेस्ट लागते, नळीचा किंवा हेडरचा (नळ्या जिथं जोडतात त्या जाड पाइपचा) पृष्ठभाग पॉलिश करून ॲसिडने उठवून फिल्मवर ठसा घेतात आणि मायक्रोस्कोपखाली बघतात, काही कापायला लागत नाही.

आणि याचं उलटंपण होतं, नळी नवी कोरी पण चुकीच्या स्टीलची. एका कारखान्यात (नाव लिहीत नाही) सुपरहीटरची एकच जागा परत परत फुटायची आणि दर वेळी शेरा एकच, ट्यूब जुनी. शेवटी तुकडा तपासला तर मधला हातभर पीस साध्या कार्बन स्टीलचा निघाला, भर सिझनमधे रात्री ब्रेकडाऊनला स्टोअरमधे तोच साइज मिळाला म्हणून लावलेला. बाहेरचा व्यास तोच, जाडी तीच, रंग मारल्यावर आईबापालापण ओळखू येणार नाही. मॅग्नेट लावून बघतात काही जण, त्याचा काही उपयोग नाही, कार्बन स्टीलला चिकटतो तसा टी-२२ लापण चिकटतो आणि टी-९१ लापण. आणि गंमत म्हणजे दर ऑफ सिझनला हायड्रो टेस्ट पास! का नाही होणार, हायड्रो थंड पाण्याने घेतात, थंडपणी कार्बन स्टील तेवढा दाब आरामात घेतं. हायड्रो गळती दाखवते, आज कुठं फुटतंय का ते दाखवते, ५०० डिग्रीला ही नळी अजून किती तास काढेल याचा तिच्याशी काही संबंध नाही. पण आपल्याकडं हायड्रो पास म्हणजे पेढे.

तीच गोष्ट वेल्डिंग रॉडची, टी-२२ च्या जोडाला ७०१८ रॉड मारून मोकळे. नळी टी-२२, जोड कार्बन स्टीलचा. टी-९१ चं तर आणखी अवघड, आधी २०० डिग्रीपर्यंत गरम करून वेल्ड करायचं, नंतर साडेसातशेच्या आसपास ठेवून स्ट्रेस रिलीव्ह करायचं (जोडातला ताण काढायचा), त्यात थोडं इकडंतिकडं झालं की एवढं महागाचं स्टील टी-२२ च्याही लायकीचं राहत नाही. गॅसकटरच्या ज्योतीवर अंदाजाने "लाल झालं, पुरे" म्हणणाऱ्याने टी-९१ ला हात लावू नये हे माझं स्पष्ट मत आहे. काही जण यावर उपाय सांगतात की सरळ एसएस (स्टेनलेस स्टील) टाका ना, ३०४ टाका, कटकट मिटली. ३०४ तापल्यावर क्रोम-मॉलीच्या जवळपास दीडपट फुगतं त्यामुळं जोडावर दर चालू-बंदला ओढाताण, आणि त्या तापमानाला वर्षानुवर्षं राहिलं की त्याच्या कणांच्या सीमेवर क्रोमियम कार्बाइड होऊन शेजारचा भाग क्रोमशिवाय उघडा पडतो, मग पाण्यात जरा क्लोराइड आलं की चिरा. म्हणजे जास्त क्रोम तितकं चांगलं असं सरळ गणित नाही.

तासांबद्दल सांगतो कारण पत्राचं मूळ तेच आहे. आपण बॉयलरचं वय वर्षांत मोजतो, २००८ चा आहे, २०१४ चा आहे. पण वर्षाला १२० दिवस चालणारा बॉयलर २८८० तास चालतो आणि को-जनसाठी ऑफ सिझनलापण चालवून ३०० दिवस ओढलेला ७२०० तास. दहा वर्षांनी कागदावर दोघं सारख्याच वयाचे, प्रत्यक्षात एक २८,८०० वर आणि दुसरा ७२,००० वर. डिझाइनचा नेहमीचा आकडा एक लाख तासांचा असतो, भारतीय बॉयलर रेग्युलेशनमधेपण जास्त तापमानात चालणाऱ्या भागांना एक लाख तास झाले की उरलेलं आयुष्य तपासायची तरतूद आहे, २५ वर्षं झालेल्या बॉयलरला वेगळी. म्हणजे नियम करणाऱ्यांना तास कळले होते, आपल्याला नाही कळले. १९२३ चा बॉयलर कायदा बदलून २०२५ ला संसदेने नवीन केला, ठीक आहे, पण तास लिहून ठेवायला कायदा कशाला पाहिजे, एक वही पुरते.

नुसते तासपण पुरत नाहीत, किती डिग्रीला चालला ते पाहिजे. १९५२ साली लार्सन आणि मिलर या दोघांनी एक साधं सूत्र दिलं, आधी वीसमधे तासांचा लॉग (दहाच्या पायाचा) मिळवायचा आणि त्या बेरजेला केल्विनमधल्या तापमानाने गुणायचं, हा गुणाकार एका स्टीलला एका ताणाखाली साधारण तोच राहतो. घरी कॅल्क्युलेटरवर करून बघा. धातू ५४० डिग्रीला म्हणजे ८१३ केल्विनला एक लाख तास टिकणार असेल तर ५५० ला किती? पन्नास हजार. ५६० ला पंचवीस हजार! दहा डिग्री जास्त की आयुष्य निम्मं, वीस डिग्री जास्त की पाव. आता विचार करा, कंट्रोल रूममधे वाफ ५२५ दाखवतीय, टर्बाइनवाला म्हणतोय चालू दे लोड मिळतंय, पाण्याचा स्प्रे मारून तापमान खाली आणायचं तर स्प्रेचा व्हॉल्व्ह चिकटलाय, तो ऑफ सिझनला बघू. असे किती तास गेले याची नोंद कोण ठेवतं? डीसीएसमधे (कंट्रोल रूमच्या संगणकात) डेटा असतो, कधी कधी जुना पुसलेला असतो.

आणखी भर म्हणजे नळी आतूनपण गंजते, वाफ लोखंडाला लागून काळा थर बसतो, तो वर्षागणिक जाड होतो आणि उष्णता आत जाऊ देत नाही, म्हणून वाफेचं तापमान तेच राहून धातूचं वाढत जातं. म्हणजे नळी म्हातारी होत जाते तशी ती जास्त गरम पण होत जाते. त्यात आपल्या साखर कारखान्यांचं स्वतःचं एक दुखणं, कंडेन्सेटमधून साखर बॉयलरला जाणं. कुठं इव्हॅपोरेटरमधून रस उडाला, ज्यूस हीटरची नळी लिक झाली की साखर फीड वॉटरमधे, पाणी फेसाळतं आणि वाफेबरोबर मीठमाती सुपरहीटरमधे जाऊन बसते. शिवाय ऊस नाही म्हणून बंद, पाऊस आला म्हणून बंद, परत चालू, प्रत्येक वेळी नळी आणि तो थर वेगवेगळे आकुंचतात, थराचे पापुद्रे सुटतात आणि बेंडमधे साचून वाट अडवतात. अग्निप्रदीपनानंतर पाहुणे जेवायला गेले की घाईने जाळ वाढवणारे महाभागपण असतात, तेव्हा सुपरहीटरमधून वाफ वाहायला सुरुवातच झालेली नसते, आत गारवा देणारं काहीच नाही, स्टार्टअप व्हेंट (सुरुवातीची वाफ बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह) नीट उघडा नसेल तर एका संध्याकाळी जेवढं नुकसान होतं तेवढं महिन्याभराच्या नीट चालण्यात होत नाही.

फुटलेली नळी बघून बरंच कळतं, फक्त ती भंगारात जायच्या आधी बघायला पाहिजे. तोंड मोठं फाकलेलं, कडा पातळ धारदार, तर अचानक जास्त गरम झाली, पाणी किंवा वाफ अडली. चीर लहान, कडा जाड, बाहेरून काळे जाड पापुद्रे, तर वर्षानुवर्षांचा क्रीप. पहिल्या प्रकाराला ऑपरेशन बघा, दुसऱ्याला सगळी कॉइल बघा कारण शेजारच्या नळ्यांचेपण तास तेवढेच झालेत. आपण काय करतो तर तेवढा पीस कापून नवा लावतो आणि पेपरला कळवतो की "युद्धपातळीवर दुरुस्ती करून गाळप पूर्ववत".

जपानमधे त्सुकुबाला एक सरकारी धातू संशोधन संस्था आहे, त्यांनी १९६९ साली कार्बन स्टीलचा एक तुकडा ४०० डिग्रीत ताणाखाली लावून ठेवला आणि २०११ पर्यंत चालू ठेवला, चाळीस वर्षांहून जास्त, जगात सगळ्यात लांब चाललेली क्रीप टेस्ट. साडेतीन लाखांवर तास. लावणाऱ्यातले किती रिटायर झाले असतील पण नोंद तुटली नाही. आपल्याकडं चीफ इंजिनियर बदलला की मागच्या वेळी कुठल्या नळ्या बदलल्या तो कागद त्याच्याबरोबर जातो, निवडणुकीत पॅनेल बदललं तर विचारूच नका.

सप्टेंबरात सगळ्यांच्या वार्षिक सभा होतात. अहवालाच्या पुस्तकात फोटो असतात, श्रद्धांजलीचा ठराव असतो, ताळेबंद असतो, सभेत एफआरपी आणि दुसऱ्या हप्त्यावर गोंधळ होतो आणि बाकीचे विषय "मंजूर मंजूर" मधे निघून जातात. त्या पुस्तकात प्रत्येक बॉयलरला चार ओळी द्यायला काय हरकत आहे, एकूण तास, या सिझनला ठरलेल्या तापमानाच्या वर किती तास गेले, सुपरहीटरच्या कुठल्या रांगेला कुठलं स्टील आणि बदललेल्या नळ्यांचं पीएमआय झालं का, शेवटची रेप्लिका कधी आणि त्यात काय निघालं. पैसे सभासदांचेच आहेत, बंदच्या दिवसात शेतात वाळणारा ऊसपण त्यांचाच. आणि फायरमन, बॉयलर अटेंडंट त्याच नळ्यांच्या पुढं आठ आठ तास उभे असतात, त्यांना तर आधी कळायला पाहिजे.

तुमच्या वार्ताहरांना एवढंच सांगा की यंदा अग्निप्रदीपनाला गेले की फोटो काढून झाल्यावर चीफ इंजिनियरला बाजूला घेऊन तासांचा आकडा विचारा. सांगितला तर फोटोखाली छापा. "बघून सांगतो" म्हणाले तर तेपण छापा.

आपला,
एक सभासद आणि नियमित वाचक
ता. वाळवा, जि. सांगली